पाच वायसर

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो. फौजेच्या गाड्यांच्या वर्कशॉपात अठरा वर्षं काढली, हवालदार होऊन पेन्शनीत आलो, पण नाकावरचा राग काही खाली उतरला नाही. बायको म्हणते, सरकारनं तुमची बंदूक जमा करून घेतली, तोंड जमा करायचं राहून गेलं. तिचं खरं असेल. पण त्या तोंडापायीच माझी बनुबाईशी गाठ पडली, आणि ती पडली नसती तर माझ्या हातून कुणाचा तरी हात कायमचा गेला असता. म्हणून तिच्याबद्दल सांगायला बसलोय.

पंच्याहत्तर सालची गोष्ट. कराडात मी मोटार मेकॅनिकचा क्लास काढला होता. क्लास म्हणजे काय, पत्र्याची एक शेड, दोन बाकं, एक फळा आणि आठ माणसं. त्यात तिघं ट्रॅक्टरवाले, एक कारखान्यातला, बाकी माझ्यासारखेच मिल्ट्रीतून घरी बसलेले. फळ्यावर इंजिनाचं चित्र काढून काढून खडू संपत आले, तेव्हा मी पुण्याकडच्या एका लष्करी लिलावातून जुन्या अमेरिकन ट्रकाचं इंजिन उचलून आणलं. शेडमध्ये जमिनीवर ठेवलं. मग आठही माणसं त्याच्याभोवती गुडघ्यावर बसून आत डोकवायला लागली आणि मी कंबर धरून त्यांना पिस्टन दाखवायला लागलो. चार दिवसांत माझी कंबर गेली.

म्हणून स्टँड करायचं ठरलं. आमच्या गल्लीतल्या वेल्डर कृष्णातनं जाड पाइप आणि अँगल जोडून ते केलं. इंजिनाच्या मागच्या तोंडाला, जिथं गिअरबॉक्स बसतो तिथं, स्टँडची जाड लोखंडी पाटी चार बोल्टांनी आवळायची. मग सगळं इंजिन हवेत लोंबतं, आणि तव्यावरची भाकरी उलटावी तसं खालवर फिरवता येतं. दिसायला झकास. पण पुढून त्याला कसलाही टेकू नाही. अडीचशे किलोचं धूड, आणि सगळा भार चार बोल्टांवर.

"बोल्ट तेवढं आना, हवालदार," कृष्णात म्हणाला. "भोकं चार सुती हायती."

आमच्याकडं अर्धा इंच कुणी म्हणत नाही. इंचाचे आठ भाग, एकेक भाग म्हणजे एक सूत. अर्धा इंच म्हणजे चार सुती. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कुठल्याही दुकानात चार सुती म्हणा, माणूस हात घालून काढून देतो. सगळी मेख तिथंच होती, पण ती मला तेव्हा कुठं ठाऊक. फौजेत स्टोअरच्या खिडकीत नुसता नंबर सांगायचा, की आतून बोल्ट यायचा. अठरा वर्षांत मी हजारो बोल्ट आवळले असतील, पण निवडला एकही नव्हता.

जुन्या यंत्राचा बोल्ट म्हटलं की सगळे नानासोच्या भंगाराच्या दुकानाचं नाव सांगत. एसटी स्टँडच्या मागं होतं ते. गेलो. नानासो काट्यावर पत्रा तोलत होता. मान वर न करता म्हणाला, "बोल्टाचं आपल्याला काय कळत न्हाई. तिकडं बनुबाई बसलीया बगा."

पत्र्याच्या सावलीत एक बाई पोतं अंथरून बसली होती. तिशी ओलांडलेली, अंगानं काटक. तिच्याभोवती तेलाचे, रंगाचे, बिस्किटांचे मिळून चाळीसएक डबे मांडलेले. मांडीवर बोल्टांचा ढीग. बघत होती समोर रस्त्याकडं, आणि हात आपला एकेक बोल्ट उचलून, अंगठ्याचं नख त्याच्या आट्यांवरनं ओढून, बरोबर त्या त्या डब्यात टाकत होता. आणि तिच्या कमरेला सुतळीत ओवलेले नट होते. पंधरावीस तरी असतील. प्रत्येक नटाला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली. हे काय प्रकरण आहे ते विचारावंसं वाटलं, पण मी गिऱ्हाईक म्हणून गेलो होतो.

"चार सुती. दीड इंच लांब. चार नग," मी म्हणालो.

"कुठल्या मशिनीला?"

"मशिनीचं काय करायचंय? चार सुती म्हंजे चार सुती."

"आवं, आप्पा म्हंजी आप्पा, पर कुणाचा आप्पा? गावात चार आप्पा असत्यात. हाळी दिली तर चौगंबी वळून बगत्यात."

"ट्रकाच्या इंजिनाला. मिल्ट्रीच्या ट्रकाच्या."

तिचा चालता हात थांबला. "इंजिनाला कुठं?"

"मागच्या तोंडाला. स्टँडवर टांगायचं हाय."

तिनं मांडीवरचे बोल्ट सगळे खाली ठेवले. "भोक किती खोल हाय? काडी घालून बगितलं?"

"न्हाई."

"बोल्ट जेवढा जाड, त्येच्या दीडपट तरी आत जाया पायजे. बिडाच्या भोकात तर जायाच पायजे. भोक बिडाचंच हाय न्हवं?"

"बिडाचंच असणार."

"असनार का हाय?"

माझ्या कपाळाची शीर उठली. ती पुढं म्हणाली, "आन इंजिन टांगल्यावर खाली कुणाचा हात असनार?"

आता हा काय प्रश्न झाला? बोल्ट विकणारीनं हात कुणाचा असणार हे विचारायचं कारण काय? "बाई," मी म्हणालो, "मला चार बोल्ट पायजेत. सोयरीक जुळवायची न्हाई."

काट्याजवळची दोन माणसं फिदीफिदी हसली. ती हसली नाही, रागावलीही नाही. "इचारल्याबिगार म्या बोल्ट देत न्हाई," म्हणाली. "खुद्द नानासोला न्हाई दिला कवा."

मी पाठ फिरवली. नानासो माझ्या मागं रस्त्यापर्यंत आला.

"हवालदार, तिच्यावर डोकं तापवू नगा," तो हळू आवाजात म्हणाला. "तिचा नवरा हरिबा. विट्याला मामाच्या गॅरेजात फिटर हुता. लय नामांकित. असंच मिल्ट्रीच्या ट्रकाचं इंजिन टांगलं हुतं, त्ये सुटून त्येच्या हातावर पडलं. उजव्या हाताची तीन बोटं गेली. सोळा वर्सं झाली. मामानं सांगितलं, बोल्ट ढिलं आवळलं हुतं. तवापास्नं लोक त्येला ढिला हरिबाच म्हनत्यात. आता दुसऱ्याच्या रानात पाटाच्या पान्याची दारं धरतोय."

"मग ही बाई?"

"ही म्हनती, त्यो ढिलं आवळनारा मानूसच न्हवं. मग इंजिन पडलं कसं, एवढंच तिला कळून घ्यायचं हाय. म्या तिला भंगार येचायला ठिवली हुती, तिनं आपलं आपून ह्ये डबं मांडलं. अक्षर वळकत न्हाई, पर बोल्ट वळकती."

मी हं हं केलं आणि निघालो. मार्केटातल्या एका दुकानातून कोरे करकरीत चार सुती बोल्ट घेतले. दुकानदारानं एक शब्द विचारला नाही. वर्तमानपत्रात पुडी बांधून दिली. तो माणूस मला फार आवडला.

पण वाटभर डोक्यात तेच. नामांकित फिटर आहे, बोल्ट आवळलेले आहेत, आणि इंजिन पडतं. कसं पडेल?

शेडमध्ये आलो तर सगळे बाकांवर तयार. कृष्णातनं इंजिन चेनपुलीला बांधून वर घेतलं होतं आणि स्टँडची पाटी त्याच्या मागच्या तोंडाला भिडवून ठेवली होती. मी आठ जणांना भंगारवाल्या बाईची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. "बोल्ट घ्यायला गेलो तर खानदान विचारती," म्हणालो. सगळे खो खो हसले. मग मी पहिला बोल्ट लावला.

दोन आटे बोटांनी गेला. तिसऱ्याला जड झाला. मी पाना लावला. चौथा आटा पान्यानं कसाबसा फिरला. मग पान्याच्या दांड्यावर पाइप चढवला आणि अंगाचं वजन टाकलं, तर पाऊण फेरा मिळाला आणि बोल्ट जो बसला तो बसला. हलायचं नाव नाही. पण बोल्टाचं डोकं पाटीला टेकलंच नव्हतं. मधे चांगली बोटभर फट.

इथं मी काय केलं ते सांगायला आजही जीभ अडते. ती फट मी वायसर, म्हणजे बोल्टाच्या डोक्याखाली बसणाऱ्या लोखंडी चकत्या, घालून भरली. बोल्ट काढला, त्यात जाड वायसर ओवले, आणि परत तेवढेच आटे आवळला. एकेका बोल्टाला पाच पाच वायसर बसले. डोकं टेकलं, दगडासारखं घट्ट. चारही बोल्ट तसेच केले. घाम निथळत होता. आठ जणांना वाटलं, काय ताकद लावली हवालदारानं.

"चेन सोडू का?" कृष्णातनं विचारलं.

मी मान हलवणार, एवढ्यात दारात बनुबाई दिसली. पदरात काहीतरी बांधून आणलं होतं. माझा पत्ता तिला नानासोनं दिला असणार. कुणाला काही न बोलता ती सरळ इंजिनापाशी आली, वाकली, आणि एका बोल्टाखालच्या वायसरवर बोट ठेवत मोजायला लागली.

"एक, दोन, तीन, चार, पाच."

मग म्हणाली, "चेन सोडू नगा," आणि तिथंच जमिनीवर बसली.

मला राग यायला हवा होता, पण तिचा चेहरा बघून आला नाही. तिनं कमरेच्या पिशवीतून एक बोल्ट काढला आणि माझ्या हातात दिला. काळा पडलेला, चार सुती, दीड इंची. त्याच्या डोक्याखाली पाच वायसर गंजून एकमेकांना चिकटलेले. आणि टोकाकडचे तेवढे चार आटे सोलून निघालेले. वरचे सगळे आटे जसेच्या तसे, कोरे.

"ह्यो त्या इंजिनाचा," ती म्हणाली. "त्येंच्या हातावर पडलं त्या."

मी माझा एक बोल्ट काढायला घेतला. पाइप लावून उलटा फिरवला तेव्हा कुठं निघाला. टोकाचे चार आटे खरवडून निघालेले. दोन्ही बोल्ट शेजारी धरले, तर एकाचा गंज सोडला तर दोन्ही सख्खे भाऊ. दोन मिनिटं आधी मी चेन सोडायला सांगणार होतो.

तिनं पदराची गाठ सोडली. आत चार जुने बोल्ट होते, तेल लावून पुसलेले, प्रत्येकाच्या टाळूवर तीन तीन रेघा. "ह्या रेघा म्हंजी पक्कं पोलाद. त्या असल्याबिगार वजन टांगायचं न्हाई," म्हणाली. त्यातला एक तिनं त्याच भोकात धरला आणि नुसत्या दोन बोटांनी फिरवला. वरवरचा चुरा झाडून तो गुमान आत आत गेला, पार डोकं टेकेपर्यंत.

मी माझ्या हत्यारांच्या पेटीतून आटे मोजायची पट्टी काढली. करवतीसारखे दात असलेली पोलादी पानं असतात त्यात, प्रत्येकावर आकडा कोरलेला. लावून बघितलं. माझ्या बोल्टाला एका इंचात बारा आटे. तिच्याला तेरा. जाडी एकच. म्हणूनच माझा बोल्ट दोनतीन आटे फसवून आत जात होता आणि मग अडत होता. मला वाटत होतं घट्ट बसला, आणि तो नुसता अडकला होता.

"बारा का तेरा त्ये मला ठावं न्हाई," बनुबाई म्हणाली. "तुमचा हिरीवरच्या पान्याच्या इंजिनाच्या जातीचा हाय. त्येचा दात मोठा. मिल्ट्रीचा दात बारीक. तीन सुती कुठलाबी घ्या, ह्येचा त्येला चालतो. पाच सुतीबी चालतो. चार सुतीलाच तेवढं वाकडं हाय." कमरेच्या सुतळीतले लाल चिंधीचा आणि निळ्या चिंधीचा असे दोन नट तिनं पुढं केले. अठरा वर्षं फौजेत काढून जे मला माहीत नव्हतं ते चिंध्या बांधून तिनं कमरेला लावलं होतं. आठ जणांसमोर मला भुईत गडप व्हावंसं वाटलं.

मग तिनं विचारलं, "हवालदार, एक इचारू? खरं सांगायचं. वायसर घालताना तुमाला कळलं न्हवतं व्हय?"



"कळलं होतं," मी म्हणालो.

"कवा?"

"तिसऱ्या आट्याला. पानाच सांगत होता."

"मग का घातलं?"

खोटं बोलायला पन्नास कारणं होती. पण ती अशी बघत होती, की माझ्या उत्तरावर तिचं काहीतरी अडलंय. "तुमची एवढी चेष्टा केली होती," मी म्हणालो. "ह्या सगळ्यांसमोर परत तुमच्या दारात यायची लाज वाटत होती, बाई."

तिनं हातातले नट सोडून दिले. मग म्हणाली, "म्हंजी त्येस्नीबी कळलं असनार."

आणि मग तिनं सांगितलं. लग्नाला तीन महिने झाले होते. ती म्हसवडकडची, वय सतरा. दुपारची भाकरी घेऊन विट्याच्या गॅरेजात गेली, तर दारात खाटेवर धोंडीबा बसलेला. तो हरिबाचा सख्खा मामा, गॅरेजाचा मालक आणि तिचा मामेसासरा, म्हणून तिचे मामंजी. आत हरिबा आणि दोन गडी इंजिन स्टँडला लावत होते. मामंजी म्हणाले, पोरी, त्या फळीवरचं चार सुतीचं चार बोल्ट दे त्येला. फळीवर डबे दोन. आता आमच्याकडची रीत अशी, की नव्या नवरीनं मामंजींसमोर तोंड उघडायचं नाही, आणि नवऱ्याशी चारचौघांत बोलायचं तर नावच काढायचं नाही. नवऱ्यानंही बायकोशी बोलायचं नाही. बोलला तर बायलबुद्ध्या.

"कुठल्या डब्यातलं, ह्ये मला इचारता ईना," बनुबाई म्हणाली. "डोक्यावरचा पदर सावरला, जवळच्या डब्यातलं चार काढलं आन त्येंच्या म्होरं ठिवलं. पुढं नानासोकडं दोन वर्सं बोल्ट येचलं तवा नखाला कळलं. म्या पान्याच्या इंजिनाचं दिलं हुतं. चूक माजी. त्ये मी मान्य केलंया. पर त्यो हात डोळं झाकून बोल्ट वळकायचा, हवालदार. त्येला कळलं कसं न्हाई? आन कळलं न्हाई तर पाच वायसर कशापायी घातलं? म्या लय बारी इचारलं. माजाच हात ढिला, म्हनत्यात, आन उठून भाईर जात्यात."

तिनं दोन्ही बोल्ट वायसरांसकट पदरात घेतले. "माज्यासंगं घराकडं चला," म्हणाली. "मी एकटीनं इचारलं की ते उठून जात्यात. पावन्याला च्या देऊन उठून जायाचं न्हाईत."

मी चेन तशीच ठेवायला सांगितली आणि तिच्या मागं निघालो. राग कुठल्या कुठं गेला होता. आता मलाच कळून घ्यायचं होतं.

घर नदीकडच्या वस्तीत, दोन खणांचं. ऊन उतरत आलं होतं. हरिबा रानातनं येऊन हातपाय धुवून दारात बसला होता. उंच, शांत माणूस. उजव्या हाताला अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, एवढंच. "या हवालदार," म्हणाला, आणि स्वतःच स्टोव्ह पेटवून चहाचं आधण ठेवलं. त्या दोन बोटांनी त्यानं काडी ओढली, साखरेचा डबा उघडला, सगळं केलं. मी त्या हाताकडं बघायचं नाही म्हणत म्हणत बघत होतो.

बनुबाईनं दोन्ही बोल्ट त्याच्यापुढं फरशीवर ठेवले. जुना आणि माझा.

हरिबानं जुन्याला हात लावला नाही. माझा उचलला, आट्यांवरनं नख ओढलं, वायसर मोजले.

"ह्यो कुणी घातला?"

"मी," मी म्हणालो.

"पडलं?"

"न्हाई. हिनं चेन सोडू दिली न्हाई."

"तिसऱ्या आट्याला कळलं असंल."

"कळलं होतं."

तो किंचित हसला. बनुबाई तेवढ्यासाठीच थांबली होती. "आन तुमास्नी?" तिनं विचारलं.

हरिबानं गुडघ्यावर हात ठेवला, उठायला. मग माझ्याकडं बघितलं. पाहुणा बसलेला, चहा अजून व्हायचा. तो परत खाली बसला.

"मलाबी तिसऱ्यालाच," म्हणाला.

"मग का बोल्ला न्हाईसा?"

"कुणाशी बोलू? मामा बसला हुता न्हवं दारात." तो स्टोव्हच्या जाळाकडं बघत बोलत होता. "ह्यो नगं, दुसरा दे. एवढंच म्हनायचं हुतं. पार जिभंवर आलं हुतं. पर तू नवी, मामा दारात, दोन गडी शेजारी. बायकुशी बोलला म्हनून वरीसभर चिडवलं असतं त्येंनी. म्हटलं, आता वायसर घालून टांगूया. मामा जेवाय उठला की बदलून टाकू."

"मग?"

"मामा उठलाच न्हाई त्या दिवशी. म्हनला, पोट बरं न्हाई. खाटंवरच बसून ऱ्हायला. तवर मला खालचं तेल पुसाय सांगितलं."

बनुबाईनं तोंडावर पदर धरला.

"मामा मरून धा वर्सं झाली," ती म्हणाली. "तवा तरी सांगायचं हुतं."

"काय सांगायचं? बोल्ट चुकीचं हुतं म्हटलं की कुणी दिलं त्ये आलं असतं. मामानं तुला म्हसवडला धाडून दिली असती, पांढऱ्या पायाची म्हनून. ढिला तर ढिला. नाव काय, कुणाला काय पडतंच." त्यानं साखरेचा डबा झाकला. "आन माघारनं आपल्या दोगांत सांगायचं तर तुला वाटलं असतं, माज्यापायी बोटं गेली."

"त्ये मला वाटतच हुतं की. सोळा वर्सं."

त्याला हे ठाऊक नव्हतं. त्याच्या तोंडावरनं सरळ दिसलं. तो तिच्याकडं बघत राहिला आणि आधण उतू जाऊन स्टोव्ह फुसफुसला.

"मला तुमचा राग आलाय," बनुबाई म्हणाली. "लय राग आलाय."

"येनारच," हरिबा म्हणाला.

मग तिनंच उठून स्टोव्ह बंद केला. चहा आम्ही तिघांनी काळाच प्यायलो, दूध घालायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. घरी आलो तेव्हा बायकोनं विचारलं, आज गप्प का. तिला सगळं सांगितलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि एवढं सलग मी तिच्याशी पहिल्यांदाच बोललो असेन. तीही ऐकत राहिली, मधे एकदाही टोमणा मारला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं क्लासवर आली. मीच यायला सांगितलं होतं. हरिबानं धुतलेला सदरा घातला होता. आठही जण बाकांवर, कृष्णात चेनपाशी, आणि नानासोही दुकान कुणावर तरी टाकून आलेला. माझे राहिलेले बोल्ट मी आधीच काढून ठेवले होते. बनुबाईनं चारही भोकांत काडी घालून खोली बघितली, मागचा चुरा फुंकून काढला. मग बोल्ट पदरात घेऊन हरिबाच्या डाव्या अंगाला उभी राहिली.

तिनं पहिला बोल्ट दिला. त्यानं तो उजव्या हाताच्या दोन बोटांत धरला, नख ओढलं, टाळूवरच्या रेघा बघितल्या. बोल्ट बरोबरच होता. लांबून मलासुद्धा दिसत होतं. त्यानं तो तिला परत केला.

"ह्यो नगं," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "दुसरा दे."

बनुबाई गोंधळली. "आवं, मिल्ट्रीचाच हाय. बरुबर हाय की."

"ठावं हाय. दुसरा दे म्हनतोय."

ती त्याच्याकडं बघत राहिली. नानासोनं टोपी काढून हातात घेतली. बाकावरच्या लोकांना काही कळलं नाही, पण कुणी हसलं नाही. मग तिनं परत दिलेला बोल्ट पदराच्या टोकाला वेगळा धरला आणि दुसरा दिला.

"ह्यो?"

"व्हय, ह्यो."

दोन बोटांनी तो पार आत गेला. मग तिसरा, मग चौथा, आणि शेवटी तो पहिला. प्रत्येक वेळी ती ह्यो का विचारायची आणि तो व्हय म्हणायचा. वायसर एकेकच लागला. पाना मात्र त्यानं डाव्या हातानं मारला, आणि असा मारला की स्टँड जागचं सरकलं.

"सोडू का चेन?" कृष्णातनं विचारलं.

बनुबाई खाली वाकली. इंजिनाखाली कुणाचा हात नाही ना, ते तिनं दोन्ही बाजूंनी बघितलं. मग उठून म्हणाली, "सोडा आता."